फायबर घ्या, पण घरचा नंबर सोडण्याआधी हे वाचा

तुमच्या घरी अजून लँडलाईन आहे? मग हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल : "आता कोण वापरतं हो लँडलाईन? काढून टाका आणि फायबर घ्या." सांगणारा कधी कंपनीचा विक्रेता असतो, कधी शेजारचे काका, तर कधी बंगळुरूहून व्हिडिओ कॉल करणारा तुमचाच मुलगा. त्याचं फारसं चुकतही नाही. तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट आता खरंच पुरत नाही. घरात एकाची ऑनलाईन मीटिंग, दुसऱ्याचा क्लास आणि तिसऱ्याची मालिका एकाच वेळी चालू असेल, तर जुना मोडेम हात टेकतो.

पण या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. इंटरनेट बदलणं ही एक गोष्ट, घरचा नंबर सोडणं ही दुसरी. पहिली करताना दुसरी करावीच लागते असं नाही. हे बऱ्याच घरांत कळतं, पण नंबर गेल्यावर.

एक नंबर गेला तर काय बिघडतं, असं विशीतल्या कुणालाही वाटेल. माझं स्वतःचं सगळं जग मोबाईलमध्ये आहे. आईचा नंबरही मला पाठ नाही, तो "आई" या नावानं सेव्ह आहे. पण आमच्या आजीचं तसं नाही. आम्ही लखनौत निशातगंजला राहतो. हजरतगंजकडून गोमती ओलांडली की लागणारा हा जुना, दाटीवाटीचा भाग. इथल्या बऱ्याच गल्ल्या नावानं नाही, नंबरानं ओळखल्या जातात. आजोबांच्या नोकरीमुळे आजी लग्नानंतर थेट इथं आली. लखनौत मराठी घरं आधीपासून आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं १९२६ मध्ये इथं संगीत महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून तर मराठी गुरुजी आणि विद्यार्थी यांची ये-जा राहिलेलीच. पण ज्या घरातली बाई रोज संध्याकाळी माहेरची भाषा बोलायला आसुसलेली असते, तिच्यासाठी फोन म्हणजे काय, हे संख्येत सांगता येत नाही. आधी ट्रंक कॉल, मग एसटीडी, मग रात्री उशिराचे स्वस्त दर. नागपूरची मोठी बहीण, साताऱ्याची नणंद, सगळ्या जणी याच नंबरावर.

आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. सकाळी औषध घेतलं की नाही हे तिला आठवत नाही. कधीकधी माझं नावही चुकतं, मला आत्याच्या नावानं हाक मारते. पण "आजी, आपला फोन नंबर काय गं?" असं विचारलं की एसटीडी कोडसकट घडाघडा सांगते. मागच्या वर्षी ती बाजारात जाऊन घरचा रस्ता विसरली, तेव्हा एका भाजीवाल्यानं "अम्माजी, घर का नंबर याद है?" असं विचारलं. तिनं तोच सांगितला. फोन वाजला, बाबा गेले आणि घेऊन आले. तिला दुसरा कुठलाच नंबर पाठ नाही आणि आता होणारही नाही.

तुमच्या घरात अशी आजी नसेल. पण त्या नंबरावर आणखी काय काय टांगलेलं आहे, ते एकदा आठवून बघा. बँकेचं जुनं खातं, एलआयसीची पॉलिसी, गॅसची नोंदणी, मुलीच्या शाळेचा फॉर्म, वडिलांच्या दवाखान्याची पाटी, दुकानाच्या बिलावर छापलेला नंबर, गावातल्या देवळाच्या देणगीदारांची वही. आणि अशी माणसं, ज्यांच्याकडे तुमचा मोबाईल नंबर नाही, कारण त्यांना तो कधी लागलाच नाही.

तार वेगळी, नंबर वेगळा

हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून इथं जरा थांबू.

जुन्या पद्धतीत टेलिफोन एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत तांब्याच्या दोन तारांची एक जोडी येते. एक्स्चेंजमध्ये त्या जोडीची ठरलेली जागा असते आणि तुमचा नंबर त्या जागेशी जोडलेला असतो. त्यामुळे पूर्वी नंबर आणि तार ही एकच गोष्ट वाटायची. लाईनमन खांबावर चढून जोडी शोधायचा, कानाला फोन लावून "हां, यही है" म्हणायचा, तो हा प्रकार. २००५ मध्ये बीएसएनएलनं ब्रॉडबँड आणलं, तेही याच तांब्यावरून. फोनजवळ एक छोटी पांढरी डबी बसली, तिच्यातून एक वायर फोनला आणि एक मोडेमला. आवाज आणि इंटरनेट एकाच तारेवर, पण वेगवेगळ्या पट्ट्यांत.

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. घरात येऊन ती एका छोट्या डब्यात शिरते. त्याला ओएनटी म्हणतात, आपण सगळे त्याला राउटरच म्हणतो. हा डबा प्रकाशाचं रूपांतर इंटरनेटमध्ये करतो. त्याच्या मागच्या बाजूला नीट पाहिलंत तर इंटरनेटच्या खाचांशेजारी एक थोडी लहान खाच दिसेल. बहुतेक वेळा तिच्यावर फोनचं चित्र असतं. ती तुमच्या लँडलाईनसाठी आहे. तिथं नेहमीचा फोन लावला की तुमचा आवाजही इंटरनेटसारखाच तुकड्या-तुकड्यांनी जातो आणि पलीकडे पुन्हा जोडला जातो.

म्हणजे फायबरवर तुमचा नंबर कुठल्याही तारेला बांधलेला नसतो. तो कंपनीच्या संगणकात एक नोंद म्हणून असतो आणि ती नोंद तुमच्या डब्याकडे वळवलेली असते. "तार बदलली म्हणून नंबर बदलणारच" असं कुणी सांगितलं, तर ते तंत्रज्ञानाचं कारण नाही. कारण असलंच तर कंपनीचं धोरण, भागाची अडचण किंवा सांगणाऱ्याचा आळस, यांपैकी काहीतरी असतं.

नंबरात याआधीही बदल झालेत. २००२-०३ च्या सुमारास बीएसएनएलच्या नंबरांच्या पुढे २ लागला, तेव्हा घरोघरी डायऱ्यांमध्ये पेननं दोनचा आकडा घुसवला गेला. तुमच्याकडची जुनी डायरी उघडून बघा, सापडेल. पण तो बदल सगळ्यांचा एकदम झाला होता आणि कसा झाला हे सगळ्यांना माहीत होतं. एकट्या तुमच्या घराचा नंबर बदलतो तेव्हा ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

कंपनी तीच राहणार असेल तर

हा सगळ्यात सोपा मार्ग. तुमची लँडलाईन बीएसएनएलची असेल आणि फायबरही बीएसएनएलचंच, म्हणजे भारत फायबर, घेणार असाल, तर तांब्यावरचं कनेक्शन त्याच नंबरासह फायबरवर बदलून घेण्याची सोय आहे. लखनौ उत्तर प्रदेश पूर्व सर्कलमध्ये येतं, पुणे-नागपूर महाराष्ट्र सर्कलमध्ये, पण सोय एकच. मुंबईत जुन्या लाईन एमटीएनएलच्या आहेत, तिथं जवळच्या ग्राहक सेवा केंद्रात विचारा.

यात एका शब्दाला फार महत्त्व आहे, तो म्हणजे "बदलून". दोन गोष्टी कानाला सारख्या वाटतात. एक, जुनं कनेक्शन बंद करा आणि नवं फायबर द्या. दोन, चालू कनेक्शन फायबरवर बदलून द्या. पहिल्यात नंबर जातो, दुसऱ्यात राहतो. फायबरची तार ओढायला बहुतेक ठिकाणी कंपनीचा स्थानिक भागीदार येतो. पुष्कळदा तो तुमचा जुना केबलवालाच असतो. त्याच्या दृष्टीनं नवं कनेक्शन नोंदवणं सरळ काम, बदलून देणं म्हणजे ऑफिसच्या दोन फेऱ्या. तो वाईट माणूस असतो असं नाही. पण तुम्ही बोलला नाहीत, तर तो सरळ मार्ग धरणार.

म्हणून तोंडी सांगून थांबू नका. ग्राहक सेवा केंद्रात जा किंवा ऑनलाईन अर्ज करा आणि अर्जात स्पष्ट लिहा : "माझं चालू लँडलाईन कनेक्शन नंबर अमुक-अमुक, याच नंबरासह फायबरवर बदलून द्यावं. जुना नंबर बंद करण्याची ही विनंती नाही." दुसरं वाक्य जरा जास्तीचं वाटेल, तरी लिहाच. अर्जाची पोच किंवा ऑर्डर नंबर घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. सोबत शेवटचं बिल, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. थकबाकी असेल तर आधी भरा, नाहीतर अर्ज तिथंच अडकतो.

अर्ज करण्याआधी एक प्रश्न विचारून घ्या : "माझा हा नंबर माझ्या पत्त्यावर फायबरवर येईल का?" लँडलाईन नंबर ठरावीक भागाचा असतो. घर तेच असेल तर सहसा अडचण येत नाही. पण फायबरच्या निमित्तानं घरही बदलत असाल, म्हणजे निशातगंजहून गोमतीनगरला किंवा कोथरूडहून हडपसरला, तर हे दोन वेगळे अर्ज होऊ शकतात. आधी नंबर नव्या पत्त्यावर हलवायचा, मग तो फायबरवर आणायचा. क्रम कोणता ते तिथल्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या.

आणि जुनी तार? फायबरवर त्याच नंबरानं घंटी वाजेपर्यंत तिला हात लावू देऊ नका. मधले काही तास, कधी एखादा दिवस, फोन बंद राहू शकतो. ज्यांचा फोन रोज येतो त्यांना तेवढं आधी कळवा. आमच्या आजीच्या बहिणीला दोन वेळा फोन लागला नाही, तर ती तिसऱ्या वेळी थेट शेजाऱ्यांना फोन करते. पूर्वी व्हिजिटिंग कार्डावर "पी.पी. नंबर" छापायचे ना, त्याच पिढीची ती.

कंपनी बदलायची असेल तर

इथं स्पष्ट सांगते. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय लँडलाईनला आहे असं गृहीत धरू नका. मोबाईलची ही सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली, जानेवारी २०११ मध्ये देशभर आली आणि जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातानाही मिळू लागली. १९०० ला मेसेज पाठवायचा, कोड येतो आणि काम होतं. पण तिचा नियमच मोबाईल नंबरांसाठी केलेला आहे. घरच्या नंबरासाठी असा एका मेसेजचा हक्क आपल्याकडे नाही. अमेरिकेत स्थानिक नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची तरतूद १९९६ च्या कायद्यातच झाली. तिथं राहणाऱ्या तुमच्या मावसभावानं "त्यात काय, पोर्ट करा" असं सांगितलं, तर तो त्याच्या देशाबद्दल बोलतोय हे लक्षात ठेवा.

जिओ आणि एअरटेल दोघेही फायबरसोबत लँडलाईन देतात. पण तो नंबर त्यांचा, नवा असतो. "नंबर तोच राहील मॅडम" असं विक्रेता म्हणाला, तर "कोणता तोच? हा? मग अर्जावर लिहून द्या" एवढंच म्हणा. आमच्या दारात आलेला एका खासगी कंपनीचा मुलगा याच प्रश्नावर दहा मिनिटं कुणाकुणाला फोन करत राहिला. शेवटी म्हणाला, "नया नंबर भी अच्छा मिलेगा, चॉइस का." आजीला चॉइस नको होती.

मग दुसऱ्या कंपनीचं फायबर हवं असेल आणि नंबरही हवा असेल तर काय? दोन्ही ठेवा. हे ऐकायला खर्चिक वाटतं, पण हिशेब करून बघा. जुन्या लाईनवरचं ब्रॉडबँड काढून टाका आणि फक्त फोनचा सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या. इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं, नंबर जुन्या कंपनीचा. जुन्या नंबरावर कॉल फॉरवर्डिंग लावून घेतलंत तर येणारे फोन मोबाईलवर वळवता येतात. तो फॉरवर्ड झालेला कॉल तुमच्या प्लॅनमध्ये मोफत आहे की त्याचे पैसे लागतात, ते आधी विचारा. अडचण एकच : तांब्याची लाईन तुमच्या भागात किती दिवस नीट चालेल? ज्या गल्लीत महिना-महिना फोन बंद पडतो, तिथं या मार्गाला अर्थ नाही. तिथं नंबर वाचवायचा असेल तर त्याच कंपनीचं फायबर घेणंच बरं, मग इंटरनेटचा वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल.

आणि नंबर सोडायचाच ठरलं, तर किमान तीन महिने दोन्ही चालू ठेवा. त्या काळात जुन्या नंबरावर ज्याचा फोन येईल त्याला नवा सांगा. बँकेत, विम्यात, गॅस एजन्सीत नोंद बदला. बंद झालेला नंबर पुढे कधीतरी दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. तुमच्या पॉलिसीबद्दलचा फोन त्या अनोळखी घरात वाजावा असं तुम्हाला वाटणार नाही. बंद करताना सुरुवातीला भरलेली ठेव परत मागायलाही विसरू नका. जुनी पावती सापडली नाही तरी कंपनीच्या नोंदीत ती असते, कधीकधी बिलावरही छापलेली असते.

फोन अजून आजोबांच्या नावावर आहे?

जवळजवळ प्रत्येक जुन्या लँडलाईनची हीच गोष्ट. ऐंशीच्या दशकात नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर फोन आला तो घरच्या कर्त्या माणसाच्या नावानं. तो माणूस गेला, बिल मात्र त्याच्याच नावानं येत राहिलं आणि कुणी ना कुणी भरत राहिलं. तोपर्यंत कुणाचंच अडत नाही. अडतं ते फायबरसाठी ओळखपत्र मागितलं जातं तेव्हा.

अशा वेळी "सोडा हो, नव्या नावानं नवंच घेऊ" हा सल्ला सगळ्यात लवकर मिळतो आणि तिथंच नंबर जातो. त्याऐवजी आधी नाव बदलून घ्या. वारसाच्या नावावर कनेक्शन करता येतं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, तुमचं ओळखपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र लागतं. इथं एक घरगुती अडचण असते. ना हरकत पत्रावर सही करणारे काका-आत्या चार गावांत पांगलेले असतात आणि फोनच्या सहीचा विषय निघाला की कुणीतरी घराच्या सहीचा विषय काढतं. आमच्याकडे हा कागद फिरून यायला दीड महिना लागला. पण तो एकदा झाला की पुढचा अर्ज तुमच्या स्वतःच्या नावानं जातो आणि कुणी अडवत नाही. नावाचं काम आणि फायबरचं काम एकाच दिवशी एकाच अर्जात घुसवू नका. आधी नाव, बिलावर ते छापून आलं की मग फायबर.

तुमचे आई-वडील दोघंही असतील आणि फोन वडिलांच्या नावावर असेल, तर हे काम आत्ताच करून ठेवायला हरकत नाही. विषय काढायला अवघड जातो, हे मान्य.

लाईट गेली की फोनही गेला

फायबरवरच्या लँडलाईनचा हा एक खरा तोटा आहे आणि तो विक्रेता सांगत नाही.

तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधूनच वीज यायची, साधारण ४८ व्होल्टची. तिथं मोठ्या बॅटऱ्या असायच्या. म्हणून घरातली लाईट गेली, अख्खी गल्ली अंधारात गेली, तरी फोन चालू राहायचा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. ओएनटीला घरचीच वीज लागते. लाईट गेली की इंटरनेटही गेलं आणि फोनही. घरात एकटी वयस्कर व्यक्ती असेल, तर ही छोटी गोष्ट नाही.

ब्रिटनमध्ये हे फार महागात पडलं. तिथं तांब्यावरचं जुनं फोनचं जाळं बंद करायचं चाललं आहे. आधीची मुदत २०२५ अखेरची होती, ती आता जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे. तिकडे अनेक वृद्ध गळ्यात एक बटण घालतात, दाबलं की मदत केंद्राला फोन जातो. डिजिटल फोनवर बदल झाल्यावर काही घरांत ही यंत्रं चाललीच नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांना ग्राहकांच्या मर्जीविरुद्ध केले जाणारे बदल थांबवावे लागले. लंडन-लीस्टरमध्ये तुमचे आई-वडील किंवा सासू-सासरे असतील, तर त्यांना फोन कंपनीचं पत्र आलंय का, हे पुढच्या कॉलमध्ये विचारा. तिथंही सल्ला तोच : जुनी लाईन स्वतःहून आधी बंद करू नका, नव्या कंपनीला नंबर न्यायला सांगा.

आपल्याकडे उपाय सोपा आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. गंमत म्हणजे बऱ्याच घरांत टीव्ही इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर नसतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. तो घेण्याआधी ओएनटीच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा, दुकानदाराला त्याचा फोटो दाखवा. कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बैठकीलाही वीज लागते, हे विसरू नका. लाईट गेल्यावरही चालायला हवा असेल तर साधा तारेचा फोन बरा.

आमच्याकडे आणखी एक शत्रू आहे : माकडं. वाराणसीत घाटांवर टाकलेली फायबरची तार माकडांनी कुरतडल्याची बातमी २०१५ मध्ये जगभर छापून आली होती. तुमच्या गच्चीवरून तार येत असेल आणि माकडांचा वावर असेल, तर तार पाईपमधून घ्यायला सांगा. पाईपचे पैसे वेगळे पडतील, पण द्या.

बसवायला माणूस येईल तेव्हा

जुन्या घरात फोनची वायर भिंतीतून दोन-तीन खोल्यांत फिरवलेली असते. ओएनटी बैठकीत बसला आणि आजीचा फोन आतल्या खोलीत असेल, तर हीच जुनी वायर वापरता येते. ओएनटीच्या फोनच्या खाचेतून ती जोडायची. पण त्याआधी बाहेरून, खांबावरून येणारी तांब्याची जोडी या वायरिंगपासून तोडलेली असलीच पाहिजे. दोन्ही बाजूंनी जोड राहिला तर डबा खराब होऊ शकतो. बसवणाऱ्याला हे विचारा. त्याला ठाऊक असतं, पण घाईत राहून जातं.

जुना गोल डायलचा फोन असेल तर तो बहुतेक ओएनटींवर डायल करू शकणार नाही. फोन आला तर वाजेल, बोलता येईल, पण लावता येणार नाही. बटणांचा साधा फोन आणा. आजीसाठी मोठ्या आकड्यांचा घेतलात तर ती जास्त खूश होईल. फायबरसोबत फोनचं यंत्र मिळेलच असं धरून चालू नका, बहुतेकदा आपलंच वापरावं लागतं.

माणूस निघण्याआधी दोन कॉल करा. मोबाईलवरून घरच्या नंबरावर, एसटीडी कोड लावून. मग घरच्या फोनवरून मोबाईलवर, आधी शून्य लावून. लँडलाईनवरून मोबाईलला शून्य लावण्याचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. बऱ्याच ज्येष्ठांना तो अजून सवयीचा नाही आणि "नवा फोन लागतच नाही" ही तक्रार पुष्कळदा त्या शून्याचीच असते. फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. मोबाईलवर दिसणारा नंबर तुमचा जुनाच आहे ना, तेही तिथल्या तिथं बघा.

नंबर चुकून बदललाच, तर थांबू नका. तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्रायकडे वैयक्तिक तक्रारी सोडवल्या जात नाहीत, तिथं वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. ग्राहक आयोगात टेलिकॉम कंपनीविरुद्ध दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण खरं सांगायचं तर पहिल्या काही दिवसांत, तो नंबर मोकळा असतानाच, केंद्रात जाऊन बसणं सगळ्यात उपयोगी पडतं.

एक सावधगिरी घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगा. "तुमचा लँडलाईन दोन तासांत बंद होणार आहे, चालू ठेवायचा असेल तर नऊ दाबा" असे फोन येतात. ट्राय किंवा दूरसंचार विभाग असे फोन करत नाही. फायबरचा अर्ज नुकताच केलेला असेल, तर असा फोन खरा वाटतो, म्हणून जास्त जपा. ओटीपी सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, "फक्त दहा रुपये भरा" म्हटलं तरी भरायचे नाहीत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

पहिलं बिल आलं की तीन गोष्टी बघा : नाव, नंबर आणि जुन्या कनेक्शनचं भाडं वेगळं लागलंय का. आता इंटरनेट आणि फोन एकाच बिलात आहेत, म्हणजे इंटरनेटचं बिल थकलं की नंबरही धोक्यात येतो. पूर्वी महिनाभर नेट बंद ठेवलं तरी फोन चालायचा, आता तसं नाही. मुलं बाहेरगावी असतील आणि बिल आई-बाबा भरत असतील, तर ऑटो-पे मुलांच्या खात्यावरून लावा आणि बिलाचा मेसेज दोन मोबाईलवर येईल असं बघा.